घेणाऱ्या माणसाला दाताचं इंजेक्शन चढत नाही?

खुर्चीत पाठ टेकायच्या आधीच ते सांगून मोकळे झाले, "डॉक्टर, मला डबल द्या. मी घेणारा माणूस आहे. एका इंजेक्शनानं मला काही होत नाही." सोबत आलेली बायको भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे बघत राहिली. तालुक्याच्या गावात दातांचा दवाखाना चालवताना हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय, की त्यात बढाई किती आणि भीती किती हे आता आवाजावरूनच कळतं. दुसरी तऱ्हा असते वेलदोडा चघळत येणाऱ्यांची. "काही घेतलंय का?" विचारलं की "छे छे!" म्हणतात आणि बोलताना तोंडावर हात धरतात.

दोघांच्याही डोक्यात गैरसमज एकच असतो, फक्त टोकं उलटी. एकाला वाटतं दारूमुळे इंजेक्शन चढणार नाही, दुसऱ्याला वाटतं दारूमुळे दुखणारच नाही. खरं सांगायचं तर जिथे सुई टोचतो तिथे दारूचा फरक फारच थोडा पडतो. फरक पडतो तो बाकीच्या शरीरात.

घोळाची सुरुवात शब्दापासूनच होते. मराठीत आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना 'भूल' म्हणतो. अपेंडिक्सच्या ऑपरेशनला देतात ती भूल मेंदूला झोपवते. माणसाला काही कळत नाही, कारण कळून घेणाराच झोपलेला असतो. दाढ काढताना मात्र मेंदू टक्क जागा असतो. पेशंट पंख्याचा आवाज ऐकत असतो आणि मनातल्या मनात देवाचं नावही घेत असतो. दाताकडून मेंदूकडे निरोप नेणारी नस तेवढी वाटेत अडवलेली असते. म्हणून आम्ही दवाखान्यात 'भूल' न म्हणता 'जागा बधिर करतो' म्हणतो.

हे अडवण्याचं काम करणारं आपल्याकडचं नेहमीचं औषध म्हणजे लिग्नोकेन. स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी ते १९४३ साली तयार केलं, १९४८ मध्ये ते बाजारात आलं आणि आजही जगभरातल्या दातांच्या दवाखान्यांत तेच सर्रास वापरलं जातं. नसेच्या आवरणावर सूक्ष्म दरवाजे असतात. दात दुखला की हे दरवाजे एकामागून एक उघडतात, त्यातून सोडियमचे कण आत शिरतात आणि निरोप पुढे सरकत जातो. लिग्नोकेन नसेच्या आत शिरून हे दरवाजे आतल्या बाजूनं अडकवून ठेवतं. दरवाजे उघडले नाहीत की निरोप तिथेच थांबतो. दात तुटत असतो, हिरडी फाटत असते, पण मेंदूपर्यंत बातमी पोचतच नाही.

आता या चित्रात दारू कुठे बसते ते बघू. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. याच्या दहापट दारू रक्तात असली तर माणूस बेशुद्ध पडून जिवावर बेतू शकतं. आणि तेव्हासुद्धा ते प्रमाण ०.३ टक्केच असतं. आम्ही नसेला खेटून सोडतो ते लिग्नोकेन २ टक्क्यांचं. रक्तातून फिरणारी एवढीशी दारू दाताची नस बधिर करू शकत नाही आणि लिग्नोकेनला तिथून हाकलूनही लावू शकत नाही. सवय होते ती मेंदूला. रोज घेणाऱ्याला दोन पेगनी काही होत नाही, कारण त्याच्या मेंदूनं दारूशी जुळवून घेतलेलं असतं. पण दाढेपाशी मेंदूचा काही संबंधच नाही. "शरीराला नशेची सवय झालीय, मग ही सुईची नशा कशी चढणार?" हा हिशेब म्हणूनच चुकतो. लिग्नोकेन ही नशाच नव्हे.

मग ही समजूत आली कुठून? तिच्यात तथ्य आहे, पण ते दुसऱ्या भुलीचं. १८४६ साली अमेरिकेत बोस्टनला विल्यम मॉर्टन यांनी ईथर हुंगवून शस्त्रक्रियेची भूल जाहीरपणे करून दाखवली. हे मॉर्टन पेशानं दंतवैद्यच. ईथर तयार होतो अल्कोहोल आणि गंधकाम्लापासून, म्हणजे दारूचा तो जवळचा नातेवाईक. रोज पिणारी माणसं ईथरनं लवकर झोपत नाहीत, आधी बराच वेळ हातपाय झाडतात, बरळतात, हे त्या काळच्या सर्जनांच्या चांगलंच लक्षात आलं होतं. कारण दारू आणि झोपवणारी औषधं मेंदूतल्या बऱ्याचशा त्याच यंत्रणेवर काम करतात. एकाची सवय झाली की दुसऱ्याचा डोस वाढवावा लागतो. आजही मोठ्या ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ "रोज घेता का?" असं विचारतात ते याचसाठी. गंमत अशी, की त्याच वेळी पिऊन आलेल्या माणसाचं गणित नेमकं उलटं असतं. त्याचा मेंदू आधीच अर्धा झोपलेला, त्यामुळे त्याला कमी डोस पुरतो आणि थोडा जास्त झाला तरी श्वास मंदावतो. पूर्ण भुलीची ही गोष्ट लोकांनी ऐकली आणि शब्द एकच असल्यामुळे दाढेच्या सुईला चिकटवून टाकली.

पण मग पेशंट म्हणतात ते खोटं का? "मागच्या वेळी तीन इंजेक्शनं दिली तरी दुखत होतं." मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. दुखलं असणारच. फक्त दोष बहुतेक वेळा दारूचा नसून पुवाचा असतो.

लिग्नोकेनला नसेच्या आत शिरायचं तर आधी तिचं तेलकट आवरण ओलांडावं लागतं. ते ओलांडण्याजोग्या रूपात औषधाचा काही हिस्साच असतो. निरोगी हिरडीत तो साधारण एक चतुर्थांश असतो. जिथे गळू झालंय, सूज आहे, पू साठलाय, तिथली जागा आम्लधर्मी होते. आम्लात औषधाचा तो शिरणारा हिस्सा फारच कमी उरतो. बाकीचं औषध नसेच्या दारात उभं राहतं, आत जाऊ शकत नाही. शिवाय सुजेमुळे तिथे रक्तपुरवठा वाढलेला असतो, तो औषध भराभर वाहून नेतो. आणि सुजलेली नस स्वतःच चिडलेली असते, साध्या स्पर्शालाही ओरडते.

खालच्या जबड्याची गोष्ट आणखी वेगळी. तिथलं हाड जाड आणि घट्ट, हिरडीत टोचलेलं औषध त्यातून झिरपत नाही. म्हणून मागे, नस जबड्यात शिरते त्या जागेच्या जवळ अंदाजानं सुई न्यावी लागते. ती जागा माणसागणिक थोडी इकडेतिकडे असते. सरावलेल्या हातालाही शंभरातल्या पंधरा-वीस वेळा पहिल्या सुईत पूर्ण बधिरता मिळत नाही, आणि यात कधी थेंबही न घेतलेली माणसं असतात. एखाद्या आजींना दोन सुया लागल्या तर कोणी त्यांच्यावर संशय घेत नाही. घेणाऱ्याला दोन लागल्या की मात्र तो स्वतःच निकाल देऊन मोकळा होतो.

दारूचा खरा हात इथे आहे, पण आडवाटेनं. दाढ ठणकायला लागली की रात्री दोन पेग मारून झोप लागते. असे आठ-दहा दिवस निघून जातात. दुखणं झाकलं जातं, कीड काही थांबत नाही. गाल सुजून डोळा बारीक झाला की मग माणूस दवाखान्यात येतो, म्हणजे नेमका जेव्हा इंजेक्शन सगळ्यात कमी काम करणार तेव्हा. 'डबल' मागणाऱ्या त्या पेशंटचंही तेच होतं. ऊसवाहतुकीच्या हंगामात ट्रॅक्टर सोडून यायला फुरसत नाही म्हणून त्यांनी दोन आठवडे काढले होते. त्या दिवशी दाढ काढलीच नाही. पू वाहून जायला वाट करून दिली, औषधं दिली आणि सूज उतरल्यावर बोलावलं. पुढच्या खेपेला एकाच सुईत ओठ जड झाला. त्यावर त्यांचं म्हणणं, "या वेळी कंपनी बदलली का औषधाची?"

रोज भरपूर घेणाऱ्यांना सुई जास्त लागते, असं अनुभवावरून सांगणारे दंतवैद्य भेटतात. मला वाटतं त्यात भीतीचा वाटा मोठा आहे. आदल्या रात्रीची उतरत असताना माणूस अस्वस्थ असतो, छाती धडधडते, झोप अर्धवट झालेली असते. अशा वेळी तोंडात नुसता दाब आला तरी तो दुखल्यासारखा वाटतो. बधिर जागेत वेदना थांबते, पण ओढल्याची, दाबल्याची जाणीव पूर्ण जात नाही. शांत माणूस म्हणतो "दाबल्यासारखं होतंय", घाबरलेला म्हणतो "मेलो!"

आता दुसरी तऱ्हा. धीर यावा म्हणून एक नव्वद मारून येणारे. दारूनं दुखणं कमी जाणवतं हे खोटं नाही. इंग्लंडमधल्या ग्रिनिच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली अशा १८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. रक्तात साधारण ०.०८ टक्के अल्कोहोल असताना वेदना बऱ्यापैकी कमी जाणवते, असं त्यात दिसलं. पण ०.०८ म्हणजे आपल्या गाडीच्या मर्यादेच्या अडीच पटीहून जास्त. ज्या अवस्थेत तुम्हाला कोणी मोटरसायकलची किल्ली देणार नाही, त्या अवस्थेत तोंडात धारदार हत्यार घेऊन शांत बसायचं असतं. शिवाय सुई नीट लागली की दुखणं तसंही थांबतंच. मग दारूनं मिळवलं काय?

गमावलं मात्र पुष्कळ. झिंगलेला माणूस मध्येच हात मारतो, मान वळवतो. पाठीवर आडवं असताना, तोंडात पाणी आणि कापूस असताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. दारूनं त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि रक्त गोठवणाऱ्या पेशींचं काम ढिलं पडतं, म्हणून दाढ काढलेली जागा जास्त वेळ वाहते. दाताच्या बऱ्याच इंजेक्शनांत थोडं अ‍ॅड्रिनलिनही असतं. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध जागेवर टिकतं. त्याचा काही अंश रक्तात जाऊन हृदयाचे ठोके थोडा वेळ वाढवतो. निरोगी माणसाला ते मिनिट-दोन मिनिटं धडधडल्यासारखं वाटतं, इतकंच. पण दारूनंही ठोके वाढतात आणि जास्त पिण्यानं कधीकधी ते अनियमितही होतात. त्यावर हे आणखी घालायची जोखीम कोणी का घ्यावी? उपाशीपोटी पिणाऱ्याची साखर उतरते तो प्रकार वेगळाच. चक्कर येऊन पडला तर ती साखर, दारू, भीती की औषध, हे ओळखण्यात वेळ जातो. आणि शेवटचं, पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं: नशेत दिलेल्या "हो, काढा" या संमतीला अर्थ नसतो. काढलेला दात परत बसवता येत नाही.

म्हणून वास आला की मी रागावत नाही, पुढची वेळ देतो. ठणका फारच असेल तर तेवढ्यापुरतं बघतो.

"पण काल रात्री घेतली होती, ती तर उतरली ना?" याचा हिशेब मांडता येतो. विदेशी मद्याची क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. त्यात शुद्ध अल्कोहोल भरतं सुमारे ६० ग्रॅम. आपलं यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम जाळतं, मग तुम्ही लिंबूपाणी प्या, थंड पाण्यानं आंघोळ करा नाहीतर काळी कॉफी घ्या. त्याचा वेग काही वाढत नाही. म्हणजे एक क्वार्टर पूर्ण उतरायला सहा ते साडेआठ तास. रात्री अकराला ग्लास रिकामा केला तर सकाळी साडेसातपर्यंत हिशेब चुकता होतो. दोन क्वार्टर असतील तर मात्र दुसऱ्या दिवशी अकराच्या अपॉइंटमेंटलाही ती रक्तात असते, माणूस कितीही ताजातवाना दिसला तरी. आदल्या दिवशी संध्याकाळपासूनच थांबलेलं बरं, असं आम्ही सांगतो ते या गणितावरून. आणि हो, साध्या सुईसाठी उपाशी येऊ नका. उपास लागतो तो पूर्ण भुलीला. दाढ काढायला येताना पोटभर जेवून या.

हे झालं कधीमधी घेणाऱ्यांचं. रोज घेणाऱ्यांची गोष्ट खरंच गंभीर आहे, आणि तिच्यात नसेपेक्षा यकृताचा संबंध जास्त. लिग्नोकेन काम झाल्यावर रक्तात जातं आणि यकृत त्याचा निचरा करतं. यकृत खराब असेल तर तो सावकाश होतो. एका दाढेपुरतं त्यानं बिघडत नाही. २ मिलिलिटर औषधात लिग्नोकेन ४० मिलिग्रॅम असतं आणि जपून धरलेली मर्यादा वजनाच्या किलोमागे ४.४ मिलिग्रॅम आहे. साठ किलोच्या माणसाला म्हणजे २६४, सहा सुयांच्या आसपास. पण "चढत नाही, अजून द्या" म्हणत एकाच बैठकीत चार-पाच दाढा काढायला निघालो, तर दुबळ्या यकृताच्या माणसात ही मर्यादा लवकर जवळ येते. 'डबल द्या' हा हट्ट त्यालाच सर्वांत महाग पडू शकतो.

त्याहून मोठी भीती रक्ताची. रक्त गोठवणारे घटक यकृतातच तयार होतात. सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत कायमचं निबर होतं त्या आजारात, ते कमी पडतात, पांथरी (प्लीहा) वाढून प्लेटलेटही घटतात. अशा माणसाची दाढ सहज निघते, पण रक्त रात्रभर थांबत नाही. म्हणून रोज घेणाऱ्याला, त्यातही डोळे पिवळे किंवा पायावर सूज असेल तर, दाढ काढण्याआधी रक्ताच्या तपासण्या करून आणायला सांगतात. पैसे उकळायचा तो डाव नसतो.

आणि एक गोष्ट जी फार थोड्यांना माहीत असते. वर्षानुवर्षं रोज बाटली लागणाऱ्या माणसानं "दाढ काढायचीय, आता चार दिवस एकदम बंद" असं ठरवणंसुद्धा धोक्याचं ठरू शकतं. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसायला लागतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. घरच्यांनी कौतुकानं बंद करवली आणि तिसऱ्या दिवशी माणूस दवाखान्याच्या खुर्चीत थरथरतोय, हे व्हायला नको. असा माणूस घरात असेल तर दाताच्या आधी फिजिशियनला भेटा. सोडायचीच असेल तर ती त्यांच्या देखरेखीखाली सुटते.

काही ठिकाणी घाबरट पेशंटला गुंगीचं औषध किंवा हुंगायला लाफिंग गॅस देतात. तिथे मघाचा मेंदूचा नियम लागू होतो. दारू आणि गुंगी एकावर एक पडली की श्वास मंदावतो. अशा अपॉइंटमेंटच्या आधी एक पेगही नको.

घरगुती उपायाबद्दल थोडं. ठणकणाऱ्या दाढेत ब्रँडीचा बोळा ठेवायची चाल घाटावर आहे, गोव्यात तेच काम फेणी करते. अल्कोहोलनं नस मरते हे तत्त्व चुकीचं नाही. चेहऱ्याच्या नसेच्या असह्य कळांवर शुद्ध अल्कोहोलचं इंजेक्शन थेट नसेपाशी देऊन ती निकामी करण्याची पद्धत डॉक्टरांनी अनेक वर्षं वापरली आहे. पण ब्रँडीचा बोळा काही नसेपर्यंत पोचत नाही. तो पोचतो हिरडीपर्यंत आणि ती भाजतो. सकाळी पांढरी पडलेली, सोलवटलेली हिरडी घेऊन पेशंट येतात, आणि दाढ दुखत असतेच. लवंगतेलाचा थेंब त्यापेक्षा कामाचा आहे, तोही कापसावर एखाददुसराच आणि फक्त किडीच्या खड्ड्यात.

दाढ काढून घरी गेल्यावरचे २४ तास तर दारू नकोच. गाल आणि ओठ तीन ते पाच तास बधिर राहतात. शुद्धीतला माणूससुद्धा तेवढ्यात गरम चहानं ओठ भाजून घेतो, प्यालेला तर चखण्यासोबत स्वतःचा गालच चावतो. आणि रिकाम्या खड्ड्यात जी रक्ताची गुठळी बसते, ती म्हणजे जखमेवरचं झाकण. ती सुटली की हाड उघडं पडतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कानापर्यंत कळा जातात. सिगारेटचा झुरका आणि जोरजोरात चुळा भरणं तिचे मोठे शत्रू, आणि दारूसोबत ही दोन्ही येतातच.

त्यात गोळ्याही असतात. दाताच्या जंतुसंसर्गाला आपल्याकडे मेट्रोनिडाझोल बऱ्याचदा देतात. ती गोळी चालू असताना दारू घेतली तर काहींना चेहरा लाल होणं, धडधड, डोकेदुखी, उलट्या असा जोरदार त्रास होतो. सगळ्यांनाच होत नाही, आणि नव्या अभ्यासांनी त्याबद्दल शंकाही घेतल्यात, पण औषधाच्या पाकिटात आजही सक्त मनाई आहे आणि शेवटच्या गोळीनंतर दोन-तीन दिवस थांबायला सांगितलेलं आहे. दुखण्याच्या गोळ्या दारूसोबत पोटाला जाळतात, क्वचित आतून रक्तस्रावही होतो. आणि रोज घेणाऱ्याच्या यकृतावर पॅरासिटामॉलचा जास्त डोस बेतू शकतो.

हे सगळं मी त्या ट्रॅक्टरवाल्या पेशंटला सांगितलं होतं, चिठ्ठीवर लिहूनही दिलं होतं. तिसऱ्या दिवशी रात्री साडेआठला त्यांचा फोन आलाच. "डॉक्टर, आता काही दुखत नाही. आज चालेल का?"

मी विचारलं, "गोळ्या किती उरल्यात?"

"दोन दिवसांच्या."

"म्हणजे दोन आणि वर तीन. अजून पाच दिवस."

पलीकडे काही क्षण नुसती शांतता. मग मागून बायकोचा आवाज आला, "स्पीकरवर आहे डॉक्टर, मी ऐकलंय."